ध्यानाच्या ऑनलाइन गटात बोलणं कमी, बसणं जास्त हवं

ध्यानाचे ऑनलाइन गट उत्साहात सुरू होतात आणि बंद पडतात, ते माझ्या मते बहुतेक वेळा एकाच कारणानं. तासातली चाळीस मिनिटं कुणीतरी बोलत असतं. स्वागत, सुविचार, मग प्रवचन, मग "सर, आवाज येतोय का?" आणि शेवटी दहा मिनिटं डोळे मिटायचे. याला प्रवचन म्हणा. ध्यान म्हणू नका.

आपल्या बेळगावकडच्या सीमाभागात अशा गटाची खरी गरज आहे. १९२५ साली बाबासाहेब निपाणीच्या परिषदेला आले होते, तिथपासून या भागाची चळवळीशी, आणि पुढं धम्माशी, नाळ जुळलेली आहे. विहारात वंदना होते, जयंती होते, वर्षावासात, म्हणजे पावसाळ्यातल्या साधनेच्या काळात, ग्रंथवाचन होतं. पण इगतपुरीसारख्या ठिकाणी दहा दिवसांचं विपश्यनेचं शिबिर करून आलेला माणूस गावी परततो आणि एकटा पडतो. शिबिरात सांगितलेलं असतं की सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास बसा आणि जमेल तिथं आठवड्यातून एकदा सामूहिक साधना करा. आता एक साधक अथणीकडं, दुसरा संकेश्वरात, तिसरा खानापूरच्या पलीकडं. सामूहिक बसायचं कसं? म्हणून ऑनलाइन.

सगळ्यात आधी वेळ. "सगळ्यांना सोयीची" म्हणून सकाळी सहा ठेवली की खेड्यातली माणसं गळालीच म्हणून समजा. धारा काढून डेअरीला दूध घालायची तीच वेळ असते. त्यांना पावणेपाच चालतं, बेळगाव शहरातल्या नोकरदाराला साडेसहा. मधली वेळ काढत बसू नका, दोन बॅच करा. चार माणसांची बॅचसुद्धा पूर्ण बॅच असते. सुरुवात आषाढी पौर्णिमेला करावी आणि अश्विन पौर्णिमेपर्यंत, म्हणजे वर्षावासाचे तीन महिने, बसायचं ठरवावं. "कायमचं" ठरवलं की पंधरा दिवसांत सुटतं. तीन महिने माणूस निभावतो.

आता यंत्राचं. झूमची फुकटची बैठक ४० मिनिटांनी तुटते. गूगल मीटवर तीन किंवा जास्त माणसं असली तर ६० मिनिटं मिळतात. म्हणून पाऊण तासाच्या बैठकीला मीट बरं. वीज जाणार, पावसाळ्यात कणकुंबी-जांबोटीकडं रेंज जाणार, हे धरूनच चालायचं. त्यामुळं प्रत्येकानं स्वतःच्या मोबाइलवर ४५ मिनिटांचा टायमर लावून ठेवायचा. लिंक तुटली तरी डोळे उघडायचे नाहीत, टायमर वाजेपर्यंत बसून राहायचं. हा एक नियम पाळला तर निम्मी कटकट संपते. बैठक सुरू करणाऱ्याखेरीज आणखी एकाकडं ताबा देऊन ठेवावा, तोही दुसऱ्या गावचा असावा. दोघांची वीज एकदम जाऊ नये.

घंटेची गंमत बऱ्याच जणांना माहीत नसते. काशाच्या वाटीचा टोल दिला तर पलीकडं फक्त "टक्" ऐकू येतं, नाद येतच नाही. मोबाइल बिघडलेला नसतो. लांबत जाणारा एकसारखा नाद म्हणजे पंख्याची घरघर असावी असं समजून ॲप तो कापून टाकतं. आवाजाच्या सेटिंगमध्ये जाऊन गोंगाट कमी करणारा पर्याय बंद केला की टोल शेवटपर्यंत पोचतो. तेही जमत नसेल तर घंटा नकोच. तोंडानं शांतपणे "सुरू करूया" म्हणावं.

वंदनेचंही तेच. "नमो तस्स भगवतो" सगळ्यांनी माइक उघडून म्हटलं की कालवा होतो. प्रत्येकाचा आवाज थोडा थोडा उशिरा पोचतो, मग सगळे एकमेकांसाठी थांबतात आणि चाल रेंगाळत जाते. एकानंच म्हणावं. बाकीच्यांनी माइक बंद ठेवून, आपल्या घरात, मोठ्यानं म्हणावं. शेवटच्या "साधु साधु साधु"लाही हाच नियम. तिसरण-पंचशीलाला पाच मिनिटं, आनापान (येणारा-जाणारा श्वास पाहणं) ३५, मेत्ता (सगळ्यांसाठी मैत्रीची भावना) पाच. एवढंच.

बैठक कशी घ्यायची? घोंगड्याची चौपदरी घडी करून फक्त कुल्ल्यांखाली घ्यावी, गुडघे जमिनीला टेकले पाहिजेत. गुडघे अधांतरी राहिले तर कमर मागं कलते आणि वीस मिनिटांत पाठ भरून येते. गुडघेदुखी असेल त्यानं खुशाल खुर्चीवर बसावं, फक्त पाठ टेकू नये. मोबाइल हाताला लागणार नाही इतका लांब, बाजूला, डोकं आणि मांडी दिसेल असा ठेवावा. समोर चेहऱ्यासमोर ठेवला की माणूस नकळत चेहरा सांभाळत बसतो.

श्वास नाकपुड्यांच्या तोंडाशी पाहायचा. आत येताना थोडा गार, बाहेर जाताना कोमट. नवख्यानं श्वास सोडताना एक अंक मोजावा, दहापर्यंत जाऊन परत एकवर यावं. मोजदाद पाचाच्या आत तोडू नये आणि दहाच्या पुढं नेऊ नये, असं पाली आचार्य बुद्धघोषांनी विसुद्धिमग्ग या साधनेवरच्या ग्रंथात सांगितलं आहे. सोळा-सतरावर पोचलात तर समजा, मन अंकाच्या मागं गेलं आणि श्वास सुटला. नव्या माणसाची नेहमीची चूक म्हणजे श्वास पाहण्याऐवजी ओढणं. मग कपाळ ताठतं, डोकं दुखतं. अशा वेळी दोन-चार श्वास मुद्दाम जोरात घ्यावेत आणि मग श्वासाला त्याच्या वाटेनं जाऊ द्यावं.

पहाटे झोप येणारच. बुद्धांचे शिष्य मोग्गल्लान यांना डुलक्या येत होत्या तेव्हा बुद्धांनी सांगितलेले उपाय आजही तसेच लागू पडतात. कानांच्या पाळ्या ओढा, अंग चोळा, उठून डोळ्यांवर पाणी मारा, आकाशाकडं, ताऱ्यांकडं बघा, चाला. उठल्याबद्दल गटात कुणी कुणाला बोलायचं नाही.

भाषेचं मनापासून सांगतो. आपल्या गटांत कन्नड बोलणारे साधक असतात आणि असायलाच हवेत. सूचना मराठीत दिली की लगेच कन्नडमध्येही द्यावी. "कण्णु मुच्चिकोळ्ळी" आणि "उसिरु", म्हणजे श्वास, एवढ्यावर काम भागतं. वंदना पालीत आहे, ती दोघांनाही सारखीच परकी आणि सारखीच आपली. या भागात ही केवढी मोठी सोय आहे!

एक गोष्ट मात्र कडकपणे पाळावी. ज्यानं शिबिर केलेलं नाही त्याला ऑनलाइन विपश्यना शिकवायला जाऊ नये. आनापान आणि मेत्ता पुरे. मानसिक आजाराची औषधं चालू असतील त्यानं ती ध्यानासाठी थांबवू नयेत, आणि गटात बसण्याआधी आपल्या डॉक्टरांशी बोलावं. ध्यानात अंग कापणं, रडू कोसळणं, झोप उडणं असं सलग होत राहिलं तर गटप्रमुखानं "चालू ठेवा, निघून जाईल" असं सांगू नये. बसणं थांबवायला सांगावं आणि जाणत्या आचार्यांकडं पाठवावं.

आणि बैठक संपल्यावर "आज मला प्रकाश दिसला" छापाचे मेसेज गटावर नकोत. एकानं लिहिलं की दुसऱ्या दिवशी बाकीचे श्वास सोडून प्रकाश शोधत बसतात. गटावर रोज फक्त लिंक टाकावी, आणि न येणाऱ्याला चौथ्या दिवशी एक फोन करावा. मेसेज नको, फोनच.