हाताला झटके येतात का, हे मला विचारा

आज डोकं फिरलंय म्हणून लिहितेय. लांब होईल.

सकाळी न्यूरोच्या, म्हणजे मेंदूच्या आजारांच्या, ओपीडीत होते. केबिनमध्ये एका वेळी तीन-तीन पेशंट बसवतात, त्यामुळे सगळ्यांचं सगळ्यांना ऐकू येतं. माझ्या आधी सतरा-अठरा वर्षांची एक मुलगी होती, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसलेली. सोबत आई. फिट किती वेळ होती, जीभ चावली का, झोप किती होते, सगळं डॉक्टरांनी आईला विचारलं. पाळी नियमित आहे का, हेसुद्धा आईला! अहो, ती हातभर अंतरावर बसलीय.

मला माझी तीन वर्षांपूर्वीची दुपार आठवली.

मी 19 वर्षांची होते. गड्ड्याच्या जत्रेवरून रात्री उशिरा आले, जर्नल पूर्ण करायला पहाटेपर्यंत जागले आणि सकाळी मोरीपाशी ब्रश करता करता पडले. शेजारच्या काकूंनी नाकाला चप्पल लावली, कुणीतरी दातात चमचा घातला, समोरच्या दाताचा तुकडा उडाला. (फिट आलेल्या माणसाच्या तोंडात काही म्हणजे काहीही घालू नका. कुशीवर वळवा, घड्याळ बघा, पाच मिनिटांत थांबली नाही तर 108 ला फोन करा.) दुपारी डॉक्टरांकडे. त्यांनी पप्पांना विचारलं, "सकाळी हिच्या हाताला झटके येतात का? हातातून वस्तू उडते का?" पप्पा म्हणाले, "नाही."

पप्पा पहाटे सहाला चादरीच्या कारखान्यात जातात. त्यांना कसं माहीत असणार? आठ महिने माझ्या हातातून चहाचा कप उडत होता, आई मला धांदरट म्हणत होती. मी तोंड उघडलं तोवर डॉक्टर गोळी लिहीत होते. कार्बामाझेपिन. मला आहे जुव्हेनाइल मायोक्लोनिक एपिलेप्सी, म्हणजे सकाळी हाताला असे झटके येतात तो फिटचा आजार. यात त्या गोळीनं झटके वाढू शकतात. माझे वाढले. तीन आठवडे ब्रश धड तोंडात जाईना. तो एक प्रश्न मला विचारला असता तर?

मान्य, गर्दी असते. अक्कलकोट, मंगळवेढा, पार कर्नाटकातून लोक सोलापूरला येतात, दुपारचे तीन वाजले तरी डॉक्टर जेवलेले नसतात. पण मान माझ्याकडे वळवायला किती वेळ लागतो?

दुसऱ्या डॉक्टरांनी वळवली. खुर्ची फिरवली आणि म्हणाले, "तू सांग." मी कपाचं सांगितलं, ब्रशचं सांगितलं. ते मध्ये बोलले नाहीत. मग ईईजी, म्हणजे डोक्याला वायरी लावून मेंदूचा आलेख. रात्री जागून या, केस धुऊन या, तेल नको. वायरी चिकटवायचा तो चिकट लेप तिथल्या सिस्टरनी कोमट पाण्यानं माझ्या केसांतून स्वतः काढला, बट ओढली जाणार नाही असा, हळूहळू. मी रडले तेव्हा. फिट आल्यापासून कुणी मला माणसासारखा हात लावला नव्हता, नाकाला चप्पलच लावली होती.

त्याच डॉक्टरांनी सांगितलं की या आजारावर व्हॅल्प्रोएट हे औषध चांगलं लागू पडतं, पण गरोदरपणी ते सुरू असेल तर साधारण दहातल्या एका बाळात जन्मजात दोष दिसतो, म्हणून तुला लेव्हेटिरासेटाम देतोय, त्यानं चिडचिड होईल, झाली तर मला सांग, मनानं गोळी बंद करू नको. हे सगळं मला सांगितलं, पप्पा शेजारी असताना. आणि चिडचिड झालीच. पण ती गोळीची आहे हे ठाऊक होतं, म्हणून निभावलं. स्कूटी सध्या बंद, हेही त्यांनीच समजावलं. तोवर महिनाभर मी विजापूर रोडवर बिनधास्त चालवत होते!

आज ते रजेवर होते. त्या मुलीच्या आईनं शेवटी विचारलं, "लग्नाचं कसं, साहेब?" उत्तरही आईलाच मिळालं, "बघू पुढं." बघू काय? हिंदू विवाह कायद्यात लग्नाला आड येणाऱ्या गोष्टींमधून एपिलेप्सी 1999 सालीच काढलीय. आणि मुलीला लग्न करायचंय का, हे तरी कुणी विचारलं? तिच्या चिठ्ठीवर व्हॅल्प्रोएट होतं. असेलही त्यामागं कारण, कुणाकुणाला तेच लागतं. पण तिला एक शब्द सांगितला नाही.

मग माझा नंबर. डॉक्टर पप्पांकडे बघून म्हणाले, "झोप लागते का हिला?"

मी म्हटलं, "सर, मला विचारा." आवाज चढला माझा. पप्पांनी मान खाली घातली.

बाहेर बाकावर ती मुलगी भेटली. मी तिला एवढंच सांगितलं, पुढच्या वेळी या गोळीबद्दल तू स्वतः विचार, तोवर एकही गोळी चुकवू नको. तिनं इकडंतिकडं बघितलं आणि हळूच म्हणाली, "ताई, माझ्या हातातून पण वस्तू पडतात सकाळी. आईला माहीत नाही." मी तिला हात धरून परत दारापाशी नेलं. शिपाई म्हणाला, आता नंबर संपले. ती अर्धा तास उभी राहिली. मीही राहिले. शेवटी सगळे पेशंट संपल्यावर आत गेली, एकटी.

घरी येताना रिक्षात पप्पांना म्हटलं, पुढच्या तारखेला तुम्ही बाहेर बसा. सात रस्त्यापर्यंत गप्प होते. मग म्हणाले, "बरं. फाईल तेवढी विसरू नको."