डिस्कला टूथपेस्ट लावू नका

कॉम्प्युटरचा ड्राइव्ह काही सीडी-डीव्हीडी वाचतो आणि काही वाचत नाही, त्यावर घरगुती उपाय सांगणारा एक मेसेज सध्या व्हॉट्सॲपवर फिरतोय. त्यात लिहिलंय: ड्राइव्ह एक जरी डिस्क वाचत असेल तर तो ठणठणीत आहे, दोष डिस्कचाच. डिस्कला दोन्ही बाजूंनी टूथपेस्ट लावून गोल गोल चोळा. तरी नाही चालली तर तासभर फ्रीजरमध्ये ठेवा. शेवटी ड्राइव्हची लेन्स नेलपॉलिश रिमूव्हरने पुसा. ठाण्यात नौपाड्याला राहणाऱ्या माझ्या मावशीला हा सोसायटीच्या ग्रुपवर आला आणि मुलीच्या लग्नाची एकुलती एक डीव्हीडी पुढ्यात घेऊन तिने मला फोन केला, “अगं, जेलवाली पेस्ट चालेल की पांढरीच लागते?” आणखी कुणाच्या घरी असा फोन करायचं सुचलं नसेल, या विचारानेच माझा संताप होतोय.

सगळ्यात घातक शब्द आहे ‘दोन्ही बाजूंनी’. माहिती खालच्या चकचकीत बाजूवर असते, वर नुसतं लेबल असतं, असा बहुतेकांचा समज आहे. सीडीत नेमकं उलटं असतं. खालचं प्लास्टिक जवळपास १.२ मिलिमीटर जाड असतं, लेसर त्यातून आरपार जातो आणि माहितीचा थर लागतो तो पार वर, लेबलच्या लगेच खाली. त्याच्या रक्षणाला फक्त वॉर्निशसारखा पातळ लेप आणि छपाईची शाई. तिथे पेस्ट घासली की धातूचा मुलामाच सुटू शकतो, आणि सुटलेला मुलामा कुठलाही दुकानदार परत बसवू शकत नाही. डीव्हीडीत ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्यांच्या मध्ये हा थर असतो, म्हणून ती जरा वाचते. पण पेस्ट फासताना हा फरक बघतंय कोण?

‘गोल गोल’ हेही तितकंच चुकीचं. माहिती मधून बाहेर जाणाऱ्या चक्राकार रेषेत लिहिलेली असते. मधून कडेकडे गेलेला ओरखडा त्या रेषेला प्रत्येक फेरीत फक्त छेदतो, आणि सीडी रेषेतली साधारण अडीच मिलिमीटरपर्यंतची सलग तूट स्वतः भरून काढू शकते. गोल ओरखडा मात्र त्या रेषेवरूनच धावतो. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने २००३ मध्ये डिस्क हाताळण्याची मार्गदर्शिका काढली, तिच्यात स्पष्ट लिहिलंय: स्वच्छ सुती कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल पुसू नका.

खालच्या बाजूचा उथळ ओरखडा घासून गुळगुळीत करता येतो, एवढं मान्य. डिस्क पॉलिश करायची यंत्रंही तेच करतात. पण तो अगदी शेवटचा उपाय. आणि लग्नाच्या डीव्हीडी बहुधा बर्न केलेल्या, म्हणजे कोऱ्या डिस्कवर ड्राइव्हच्या लेसरने लिहिलेल्या असतात. त्यातला रंगद्रव्याचा थर उन्हाने, उष्णतेने उतरला असेल तर कितीही घासून उपयोग नाही.

आता ‘ड्राइव्ह ठणठणीत’ हा दावा. सीडीला ७८० नॅनोमीटरचा लेसर लागतो, डीव्हीडीला ६५०चा. अनेक ड्राइव्हमध्ये हे दोन लेसर वेगळे असतात, त्यातला एक थकला की एकच प्रकार वाचला जातो. शिवाय रीरायटेबल, म्हणजे पुसून पुन्हा लिहिता येणाऱ्या डिस्कवरून प्रकाश कमी परततो, त्यामुळे धूळ बसलेली लेन्स विकतचा सिनेमा वाचते आणि ही डिस्क नाकारते. म्हणून आधी डिस्क वेगळ्या काढा: सीडी की डीव्हीडी, छापील की बर्न केलेली. एक अख्खा प्रकार अडत असेल तर संशय ड्राइव्हवर, एकच डिस्क अडत असेल तर डिस्कवर. मग तीच डिस्क दुसऱ्या ड्राइव्हवर लावून खात्री करा. मावशीचा ड्राइव्ह सगळ्या सीडी वाचत होता, डीव्हीडी एकही नाही. तिची लग्नाची डिस्क माझ्या यूएसबीने जोडायच्या डीव्हीडी ड्राइव्हवर लगेच उघडली. ती पेस्टने घासली असती तर?

फाइल दिसतात पण चित्र लागत नाही, हा प्रश्न वेगळा. विंडोज ८ पासून डीव्हीडी चालवायची सोय मुळात दिलेली नाही, व्हीएलसी हा फुकट मिळणारा प्लेअर टाका. अमेरिकेहून आणलेला सिनेमा अडत असेल तर रीजन बघा, म्हणजे डिस्क जगाच्या कुठल्या भागात चालावी हे ठरवणारा आकडा: तिथला १, आपला ५.

फ्रीजर? ठाण्याच्या पावसाळी हवेत बाहेर काढल्याबरोबर डिस्कवर पाणी धरेल, आणि ती तशीच ड्राइव्हमध्ये जाईल. नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये बहुधा ॲसिटोन असतं, त्याने प्लास्टिकची लेन्स कायमची धुरकट होते. हवेच्या पंपाने धूळ उडवा, फार तर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा ओलसर बोळा हलकेच फिरवा. लेन्स बारीक तारांवर तोललेली असते, दाबू नका.

डिस्क कुठल्याही ड्राइव्हवर उघडली की त्याच बैठकीत ती पूर्ण हार्ड डिस्कवर उतरवून घ्या, आणि एक प्रत पेन ड्राइव्हवर. मध्येच अडखळत असेल तर लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवरचं डीडीरेस्क्यू हे सॉफ्टवेअर वापरा. ते निघेल तेवढं आधी काढून घेतं आणि अडलेल्या भागाकडे नंतर वळतं. घासायचं, पॉलिश करायचं ते त्यानंतर.