‘कसं पडलात?’ एवढंच विचारलं

जुलैतली गोष्ट. आई मिरजेहून आमच्याकडे न्यूझीलंडमध्ये हॅमिल्टनला आली होती. इथला जुलै म्हणजे भर हिवाळा, त्यात पाऊस. मागच्या दारातल्या लाकडी डेकवर शेवाळ धरलेलं होतं. सकाळी दोरीवरचे कपडे काढायला म्हणून बाहेर गेली आणि घसरली. मनगट मोडलं. दवाखान्यात डॉक्टरबाईंनी विचारलं, कसं पडलात, कुठे, काय करत होतात? मी इंग्रजीत सांगत होतो आणि आई माझी बाही ओढत होती. ‘‘घरमालकाचं नाव नको हं घेऊस. त्याच्यावर केस झाली तर आपल्याला घर सोडायला लावेल.’’

घरमालकाचं नाव कुणी विचारलंच नाही. डेक कुणी धुवायला हवा होता, हेही नाही. फॉर्म भरला गेला, हाताला प्लॅस्टर लागलं आणि त्या हाताच्या उपचाराचा बहुतेक खर्च एसीसीने उचलला. एसीसी म्हणजे न्यूझीलंडचं सरकारी अपघात-भरपाई महामंडळ. आई पाहुणी म्हणून आलेली. या देशाला तिने एक रुपया कर दिलेला नाही.

यामागे एका न्यायाधीशांचं डोकं आहे, ओवेन वुडहाउस यांचं. १९६७ साली त्यांच्या आयोगाने सांगितलं की जखमी माणसाने कोर्टात जाऊन दुसऱ्याची चूक सिद्ध करायची आणि मग भरपाई मिळवायची, ही लॉटरी आहे. १ एप्रिल १९७४ पासून ती लॉटरी बंद झाली. चूक कुणाचीही असो, अगदी तुमची स्वतःची असली तरी, उपचार मिळतात आणि नोकरी करणाऱ्याला दुसऱ्या आठवड्यापासून पगाराच्या ८० टक्के रक्कम मिळते. पैसा येतो तो पगारातून (२०२४-२५ मध्ये दर शंभर डॉलरमागे १ डॉलर ६० सेंट), मालकांकडून, गाड्यांच्या लायसन्समधून आणि पेट्रोलवरून. बदल्यात नागरिकांनी एक हक्क सोडून दिला. शरीराला झालेल्या इजेच्या भरपाईसाठी इथे कुणावर दावा लावता येत नाही. डॉक्टरवरही नाही.

हे वाचायला छान वाटतं. अंगावर येतं तेव्हा काय वाटतं, ते मला चार वर्षांपूर्वी कळलं.

बायकोचं पित्ताशयाचं ऑपरेशन होतं. दुर्बिणीतून, एका दिवसात घरी, असं सांगितलेलं. पित्तनलिकेला धक्का लागला आणि दुसरं ऑपरेशन करावं लागलं. दुसऱ्या दिवशी सर्जन स्वतः खाटेजवळ आला, खुर्ची ओढून बसला, कागदावर आकृती काढली आणि कुठे काय झालं ते दाखवलं. ‘सॉरी’ म्हणाला. वकिलाला विचारून बोलतोय असं काही त्याच्या चेहऱ्यावर नव्हतं. मग त्यानेच ‘ट्रीटमेंट इंजुरी’चा फॉर्म भरायला घेतला. २००५ पूर्वी इथेही डॉक्टरची चूक किंवा अगदी दुर्मीळ गुंतागुंत दाखवावी लागायची. ती अट काढल्यावर डॉक्टरांना फॉर्म भरताना हात आखडायचं कारण उरलं नाही. उपचारामुळे इजा झाली आणि ती त्या उपचाराचा नेहमीचा परिणाम नव्हती, एवढं पुरतं.

बायको सात आठवडे घरी होती. पगाराचा मोठा भाग येत राहिला, घरभाडं थकलं नाही. पण मला राग काढायला जागाच मिळाली नाही. भावाचा मिरजेहून फोन आला, ‘‘सोडलास त्याला?’’ मी गप्प. बाजूची वाट इथेही आहे. आरोग्य आयुक्तांकडे तक्रार करता येते. ऑकलंडच्या एका रुग्णालयात बायकांना न सांगता, पुरेसे उपचार न देता वर्षानुवर्षं निरीक्षणाखाली ठेवल्याचं प्रकरण १९८७ मध्ये उघड झालं. त्याच्या चौकशीतून पुढे हे पद आलं आणि १९९६ मध्ये रुग्णांच्या दहा हक्कांची संहिता आली. आयुक्त चौकशी करतात, हक्कभंग झाला असेल तर तसं लिहून देतात. बायको म्हणाली, त्याने खरं सांगितलं, मला तेवढं बास. आम्ही तक्रार केली नाही. बरोबर केलं का, अजून कळत नाही.

आणि ही व्यवस्था न्यायी आहे असंही मी म्हणणार नाही. शिडीवरून पडून पाय गेलेल्याला ८० टक्के पगार मिळतो आणि त्याच वयात पक्षाघाताने पाय गेलेल्याला तुटपुंजा सरकारी भत्ता. कारण आजार म्हणजे अपघात नव्हे. वेटिंग लिस्टवर थांबून थांबून दुखणं वाढलं, तर तेही सहसा ट्रीटमेंट इंजुरीत बसत नाही.

एप्रिल २०२५ मध्ये पुण्यात एका गर्भवतीच्या मृत्यूनंतर, रुग्णालयाने मोठी अनामत मागितल्याचा आरोप झाला. पाटीला काळं फासल्याचे व्हिडिओ इथल्या आमच्या मंडळाच्या ग्रुपवर रात्रभर फिरत होते. ग्रुपचे लगेच दोन तट पडले. एकाच्या मते डॉक्टर कसाई. दुसऱ्याच्या मते डॉक्टरांना मारता म्हणून मुलं मेडिकलला जात नाहीत. दोन्हीकडे डॉक्टरांची मुलं होती, ते सोडा. पण दोन दिवसांच्या त्या भांडणात जखमी माणूस किंवा त्याच्या मागे राहिलेलं घर उद्या कशावर जगणार, हा प्रश्न एकदाही आला नाही.

आपल्याकडे कायदा नाही असं नाही. १९९५ पासून पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते. दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते, आणि उपचाराला मोजलेली रक्कम पन्नास लाखांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक आयोगातच करता येते. फौजदारी गुन्ह्यासाठी मात्र २००५ पासून सर्वोच्च न्यायालयाने घोर निष्काळजीपणाची अट घातली आहे, आणि ती योग्यच आहे. प्रत्येक मृत्यूला पोलीस बोलावले, तर अवघड पेशंटला कुणी हातच लावणार नाही. पण हे सगळं पुन्हा ‘चूक कुणाची’ याच दारातून जातं. आधी चूक सिद्ध करा, मग औषधाला पैसे.

हे दार किती जुनं आहे पाहा. मे १९५३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यात पालशेतच्या समुद्रकिनारी वीस वर्षांच्या एका मुलाच्या मांडीचं हाड मोडलं. त्याला पुण्याला आणलं. पुरेशी भूल न देता हाड ओढून बसवलं, असा आरोप झाला. मुलगा त्याच दिवशी गेला. वडील स्वतः डॉक्टर होते, म्हणून तर लढू शकले. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये त्यांच्या बाजूने निकाल दिला, डॉक्टरची कर्तव्यं सांगितली, आणि वकील आजही त्या निकालाचा दाखला देतात. भरपाई होती तीन हजार रुपये. पंधरा वर्षांनी.

न्यूझीलंडची अख्खी व्यवस्था उचलून मिरजेत आणा, असं म्हणणारा मी नाही. पन्नास लाख वस्तीच्या देशाला जे जमतं ते आपल्याला तसंच्या तसं जमेल, हे दिवाळीला येऊन दोन आठवड्यांत उपदेश करून जाणाऱ्या अनिवासी लोकांचं बोलणं झालं. पण चूक न विचारता भरपाई ही कल्पना आपल्याला परकी नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ खाली रस्त्यावरच्या अपघातात मृत्यू झाला तर पाच लाख आणि गंभीर इजा झाली तर अडीच लाख मिळतात. ड्रायव्हरची चूक दाखवावी लागत नाही. एसटीने धडक दिली तर जे तत्त्व आपण मान्य करतो, ते ऑपरेशन थिएटरच्या दारात येऊन का थांबतं? रुग्णालयांच्या नोंदणी शुल्कातून आणि विम्यातून असा छोटा निधी उभा करता येईल. पूर्ण भरपाईसाठी आयोगाचा रस्ता खुला ठेवायचाच. इथल्यासारखा दाव्याचा हक्क मी तरी सोडायला सांगणार नाही. इथे डॉक्टरांना आयुक्तांचा धाक आहे म्हणून तो सोडणं परवडतं.

तोपर्यंत कागद. माझ्या मावसभावाच्या गुडघ्याच्या ऑपरेशनमध्ये जंतुसंसर्ग झाला, आता पाय वाकत नाही. तीन आठवडे तो केसपेपरसाठी खेटे घालत होता. ‘साहेब नाहीत’, ‘फाइल वर गेलीय’. नियम असा आहे की रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत नोंदी द्यायच्या आणि दाखल रुग्णाच्या नोंदी तीन वर्षं जपायच्या. हे त्याला माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही हॅमिल्टनला येऊनच कळलं. मी त्याला चार ओळींचा अर्ज लिहून पाठवला, पोच घ्यायला सांगितलं.

परवा त्याचा फोन आला. रेकॉर्ड विभागातल्या क्लार्कने अर्ज दोनदा वाचला आणि विचारलं, ‘‘वकील लावलाय काय?’’

‘‘मग काय म्हणालास?’’

‘‘नाही म्हणालो, दादा. तर म्हणाला, मग बसा.’’