‘चित्रांऐवजी खाटा घ्या’ म्हणणाऱ्यांना

गेल्या महिन्यात एकच मजकूर माझ्याकडे तीन ग्रुपवरून आला. एका धर्मादाय रुग्णालयानं चित्रकारांनी दान दिलेली चित्रं वॉर्डात लावली, त्यावरचा तो संताप आहे. मुद्दे थोडक्यात असे: चित्र बघून कुणी बरं होत नाही, त्या पैशात खाटा आल्या असत्या, चित्रांवर धूळ आणि जंतू बसतात, ही परदेशी थेरं आपल्याकडे नकोत, आणि देणाऱ्याला घरातली अडगळ काढून वर नाव लावून घ्यायचं असतं. माझी आई दोन वर्षं डायलिसिसवर होती. आठवड्यातून दोनदा, दर वेळी चार तास. म्हणून हा मजकूर वाचून सोडून देणं मला जमलं नाही.

चित्रानं मूत्रपिंड सुधारत नाही आणि गाठही विरघळत नाही. तसं कुणी सांगत असेल तर तेही खोडून काढलं पाहिजे. पण आजारपणात भीती असते, वेदना असतात, न सरणारी वेळ असते, आणि डोळ्यांसमोर काय आहे याचा या सगळ्यावर परिणाम होतो. रॉजर उल्रिच या अमेरिकन संशोधकांनी १९८४ साली ‘सायन्स’ या विज्ञान नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या जुन्या नोंदी त्यांनी तपासल्या. निम्म्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडं दिसणारे सरासरी ७.९६ दिवसांत घरी गेले, भिंत दिसणारे ८.७० दिवसांत. झाडं दिसणाऱ्यांना तीव्र वेदनाशामकंही कमी लागली. अभ्यास लहान होता आणि तो खिडकीचा होता, चित्राचा नव्हे, हे मान्य. म्हणून पुढचा अभ्यास महत्त्वाचा. स्वीडनमधल्या उप्साला इथल्या रुग्णालयात हृदयशस्त्रक्रिया झालेल्या १६० रुग्णांपैकी काहींसमोर निसर्गाची चित्रं ठेवली, काहींसमोर अमूर्त चित्रं, तर काहींसमोर काहीच नाही. पाणी आणि झाडं असलेलं मोकळं दृश्य ज्यांच्यासमोर होतं त्यांची चिंता कमी राहिली. सरळ रेघांचं अमूर्त चित्र ज्यांना मिळालं त्यांची मात्र चित्र नसलेल्यांपेक्षाही वाढली. म्हणजे चित्राचा परिणाम होतो आणि तो वाईटही होऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये कला आणि आरोग्य या विषयावरच्या तीन हजारांहून अधिक अभ्यासांचा आढावा घेतला. त्यात संगीत, नृत्य असं सगळंच आहे, पण आजारपण सोसायला कलेची मदत होते हे त्यातून स्पष्ट दिसतं.

आईच्या खुर्चीसमोर एका निवृत्त चित्रकला शिक्षकांनी दिलेलं ओढ्याचं चित्र होतं. काठावर बगळे. सुया टोचताना ती मशीनकडे बघायची नाही, बगळे मोजायची. कधी नऊ भरायचे, कधी दहा, कारण एक बगळा गवतात अर्धा दडलेला होता. शेजारच्या खुर्चीतले काका म्हणायचे, “ताई, तो बगळा नाही, दगड आहे.” त्यावर त्यांचं पाऊण तास चालायचं. मशीन तेच, सुया त्याच, पण तो पाऊण तास जड जात नव्हता.

खाटांचं गणित तर त्या मजकुराच्या पहिल्याच ओळीत सुटतं. चित्रं दान आलेली आहेत. खर्च फ्रेमचा आणि खिळ्यांचा. जो चित्रकार चित्र देतो त्याच्याकडे व्हेंटिलेटर द्यायला पैसे नसतात. उपचारांच्या निधीतून कुणी महागडी चित्रं विकत घेत असेल, तर विरोध करायला मीही उभी राहीन.

जंतूंची काळजी खरी आहे, आणि तिच्यावर उपायही सोपा आहे. काचेऐवजी अ‍ॅक्रिलिकची शीट, मागून बंद केलेली फ्रेम, रोज ओल्या फडक्यानं पुसणं. ऑपरेशन थिएटरमध्ये चित्र लावा असं कुणीच म्हणत नाही.

‘परदेशी थेर’ या शब्दांनी मला वाईट वाटलं. तिकडे हे जुनं आहे, मान्य. विल्यम होगार्थ या इंग्लिश चित्रकारानं १७३६-३७ साली लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयासाठी दोन प्रचंड चित्रं काढली, एक पैसाही न घेता. पण ती आहेत जिन्यात, जिथून वरच्या दिवाणखान्यात जाता येतं. खाटेवरच्या रुग्णाला ती दिसत नव्हती. चित्र रुग्णापर्यंत नेण्याचं काम पुढे शेरिडन रसेल यांनी केलं. ते लंडनच्या एका रुग्णालयात समाजसेवक होते. आपल्याकडे समाजसेवा अधीक्षक असतात, साधारण तसेच. १९५९ साली त्यांनी रुग्णालयांना चित्रं उसनी देणारी संस्था सुरू केली, ती पुढे कित्येक दशकं चालली. आणि मुंबईचं काय? सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून १८४५ साली रुग्णालय उभं राहिलं, आणि त्यांच्याच देणगीतून १८५७ साली कलाशाळा. औषध आणि चित्र या दोन्हींसाठी एकाच माणसानं पैसे दिले. यात परकं काय आहे?

उरला अडगळीचा मुद्दा, आणि तिथे तो मजकूर लिहिणारा बराचसा बरोबर आहे. लोक खरोखर नको असलेलं देतात. करड्या रंगाचे फटकारे, रडकी तोंडं, चित्रापेक्षा मोठी नावाची पाटी. इंग्लंडमध्ये शेफिल्ड विद्यापीठानं २००८ मध्ये अडीचशेहून अधिक मुलांना रुग्णालयातल्या सजावटीबद्दल विचारलं, तर मोठ्यांना गमतीची वाटणारी विदूषकांची चित्रं मुलांना नको होती, काहींना तर त्यांची भीती वाटत होती. म्हणून रुग्णालयाला नाही म्हणता आलं पाहिजे. चित्र घेण्याआधी सिस्टरना विचारावं, रुग्णांना विचारावं.

पण देणारे सगळे तसे नसतात. आईसमोरचं चित्र लावायला ते शिक्षक स्वतः आले होते. वॉर्डबॉयनं खिळा उभ्या माणसाच्या नजरेच्या उंचीवर ठोकला. सरांनी चप्पल काढली, आईच्या खुर्चीवर जाऊन आडवे झाले, थोडा वेळ समोर बघत राहिले. मग म्हणाले, “हे रुग्णाला दिसायला हवं. वीतभर खाली घ्या.”