सात टक्क्यांचा आकडा कोणत्या ओळीतला?

खानापूर तालुक्यात राहणाऱ्या माझ्या थोरल्या बहिणीचा चोवीस वर्षांचा मुलगा बेळगावात टी-सेल लिम्फोमावर, म्हणजे टी पेशी या पांढऱ्या रक्तपेशींच्या कर्करोगावर, उपचार घेत आहे. केमोथेरपीच्या सहापैकी तीन डोस झाले असताना अक्काचा फोन आला, "सात टक्क्यांसाठी पोराला एवढं कशाला सोसायला लावायचं रे?" हे सात टक्के तिला डॉक्टरांनी सांगितलेले नव्हते, भावकीच्या व्हॉट्सॲप गटावर आलेल्या आणि निपाणीपासून लोंढ्यापर्यंत फिरणाऱ्या एका संदेशातून ते तिच्या मनात शिरले होते. संदेशाचे म्हणणे असे: टी-सेल लिम्फोमाच्या शंभरांपैकी सातच रुग्ण पाच वर्षे जगतात, केमोचा लाभ जेमतेम दोन टक्के, हा रोग मुळात बुरशीचा, साखर आणि दूध सोडले की गाठ उपाशी मरते, एका पुडीने ती पंधरा दिवसांत विरघळते, आणि डॉक्टर हे सारे पैशासाठी दडवतात.

सातचा आकडा कोणी मनाने रचलेला नाही, हे मला नाइलाजाने मान्य करावे लागते. 'जर्नल ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजी'त २००८ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात २२ केंद्रांतील १,३१४ रुग्णांच्या नोंदी तपासल्या होत्या, आणि त्यातील एका प्रकारात पाच वर्षे जगलेल्यांचे प्रमाण खरोखरच ७ टक्के होते. तो प्रकार म्हणजे यकृत आणि प्लीहेत वाढणारा हिपॅटोस्प्लेनिक लिम्फोमा, आणि त्याचे रुग्ण एकूण नोंदींत दीड टक्कासुद्धा नव्हते. त्याच अभ्यासात त्वचेपुरत्या मर्यादित राहणाऱ्या ॲनाप्लास्टिक प्रकारासाठी हे प्रमाण ९० टक्के, एएलके पॉझिटिव्ह (म्हणजे गाठीच्या पेशींत एएलके हे प्रथिन सापडलेल्या) ॲनाप्लास्टिकसाठी ७०, तर एएलके निगेटिव्हसाठी ४९ टक्के आहे. भाच्याच्या बायोप्सीच्या अहवालात 'एएलके पॉझिटिव्ह' असे स्वच्छ लिहिलेले असताना त्याच्या आईला दुसऱ्याच आजाराची ओळ वाचून दाखवणे म्हणजे एका पाटलाचे कर्ज गावातल्या सगळ्या पाटलांच्या सातबाऱ्यावर चढवण्यासारखे आहे. सर्वाधिक आढळणाऱ्या दोन प्रकारांचा आकडा प्रत्येकी ३२ टक्के आहे आणि टी पेशींचे लिम्फोमा एकंदरीत बी पेशींच्या लिम्फोमांपेक्षा चिवट असतात, हेही खरे. त्यामुळे भीती अगदीच निराधार नाही. मात्र हे रुग्ण १९९० ते २००२ या काळातले आहेत, आणि 'पाच वर्षे' ही मोजण्यासाठी ठरवलेली खूण आहे, आयुष्याची मुदत नव्हे. याच अभ्यासात तज्ज्ञांनी बायोप्सीच्या काचपट्ट्या पुन्हा तपासल्या, तेव्हा साधारण दहांपैकी एका रुग्णाचे निदान मुळात चुकलेले निघाले. शंका घ्यायचीच असेल तर ती इथे घ्यावी आणि बायोप्सीचे ठोकळे (गाठीचा तुकडा मेणात जपलेले) दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवावेत.

बुरशीबद्दल काय बोलावे? त्वचेच्या एका टी-सेल लिम्फोमाला 'मायकोसिस फंगॉइडिस' म्हणतात, कारण १८०६ साली अलिबेर या फ्रेंच डॉक्टरला त्याच्या गाठी अळंब्यांसारख्या दिसल्या. बुरशीशी त्याचा एवढाच संबंध. नावावरून उपचार ठरवायचे झाले तर नागीण झालेल्या माणसाला गारुड्याकडे न्यावे लागेल. शिवाय हा आजार आरंभीच्या टप्प्यात असलेले बरेच रुग्ण इतरांइतकेच जगतात, म्हणजे संदेशाने स्वतःचाच सात टक्क्यांचा दावा इथे खोडून काढला आहे.

पुडीचा मुद्दा मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही, कारण त्यात अर्धे सत्य आहे. घटकांची नोंद नसलेल्या अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले अनेकदा आढळले आहे, आणि स्टेरॉइडने लिम्फोमाची गाठ खरोखरच काही दिवस बसते. केमोच्या नेहमीच्या डोसातही पहिले पाच दिवस प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड असतेच, पण इतर तीन औषधांच्या सोबतीने. एकट्या स्टेरॉइडने दबलेली गाठ परत वाढते, आणि निदानाआधीच ते पोटात गेले असेल तर बायोप्सीत रोग नीट ओळखू येत नाही. आपल्याकडे मानेतल्या गाठीवर आधी क्षयाची औषधे सुरू होऊन महिने जातात; त्यात पुडीची भर पडली की आणखी काही आठवडे हातचे गेलेच.

केमोच्या दोन टक्क्यांचा उगम २००४ सालच्या एका ऑस्ट्रेलियन निबंधात आहे. त्यात प्रौढांच्या २२ कर्करोगांची एकत्रित सरासरी काढलेली आहे आणि केवळ शस्त्रक्रियेने बरे होणारे रुग्णही त्या सरासरीत मिसळलेले आहेत. त्याच निबंधात हॉजकिन लिम्फोमासाठी केमोचा लाभ ३५ टक्क्यांहून जास्त, तर इतर लिम्फोमांसाठी सुमारे साडेदहा टक्के दिला आहे. साखरेविषयी इतकेच सांगतो की खाणे सोडले तरी शरीर स्वतः ग्लुकोज तयार करते. उपाशी राहतो तो रुग्ण.

राहिला पैसा. ब्रेंटुक्सिमॅब हे नवे औषध महाग आहे आणि ते आमच्यासारख्यांच्या आवाक्याबाहेरचे आहे, हे मी नाकारत नाही. ४५२ रुग्णांच्या चाचणीत ते घेतलेल्यांपैकी ७० टक्के, तर जुनी, स्वस्त, चार औषधांची केमो घेतलेल्यांपैकी ६१ टक्के रुग्ण पाच वर्षांनी हयात होते, आणि त्या चाचणीत एएलके पॉझिटिव्हपैकी फक्त अधिक जोखमीचेच रुग्ण घेतले होते. महागडे औषध परवडत नाही म्हणून जुनीच केमो घेणाऱ्याच्या वाट्याचा आकडासुद्धा सात नसून एकसष्ट आहे, हे मी अक्काला कागदावर लिहून दिले आहे.