कमानी मार्चअखेरच का उभ्या राहतात

सांगलीच्या आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थी निधीला एका जुन्या विद्यार्थ्याने मृत्युपत्राने ४० लाख रुपये आणि विश्रामबागेतला फ्लॅट ठेवला. तीन आठवडे ग्रुपवर खडाजंगी चालू आहे. विषय काय, तर प्रवेशद्वाराची कमान दगडी हवी की आरसीसी! मृत्युपत्रात नेमकं काय लिहिलंय, हे कुणी विचारलेलं नाही. लिहिलंय एवढंच: ‘माझ्या शाळेच्या उत्कर्षासाठी’.

सगळं दुखणं या तीन शब्दांत आहे. ‘ही रक्कम कायम निधी म्हणून ठेवावी, मुद्दल मोडू नये’ असा लेखी निर्देश नसेल, तर ती रक्कम त्या वर्षीचं उत्पन्न धरली जाते. करसवलत टिकवायची तर उत्पन्नाचा ८५ टक्के भाग खर्ची पडलेला दाखवावा लागतो. मुदतवाढीसाठी अर्ज असतो, पण तो वेळेत भरणारा खजिनदार लागतो. तो नसला की मार्चअखेर कमान उभी राहते.

दुसरी चूक नावाची. कायद्याच्या लेखी शाळा ही कुणीच नसते, असते ती संस्था. ‘माझ्या शाळेला’ म्हणून ठेवलेल्या पैशावर संस्थेचं मध्यवर्ती कार्यालय हक्क सांगू शकतं, आणि तिच्या इतर शाळाही रांगेत असतात. म्हणून निधीचं नोंदणीकृत नाव, धर्मादाय कार्यालयाचा क्रमांक आणि कुठल्या शाळेसाठी, हे तिन्ही लिहावं. साक्षीदार दोन, पण विश्वस्तांपैकी नकोत.

फ्लॅटचं तर विचारूच नका. एकदा तो ट्रस्टच्या नावावर चढला की विकायला सार्वजनिक विश्वस्त संस्थांच्या कायद्यातल्या कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. मूल्यांकन, जाहिरात, निविदा, तारखा. तोवर सोसायटीचा मेंटेनन्स कोण भरणार? त्यापेक्षा ‘व्यवस्थापकाने फ्लॅट विकून निव्वळ रक्कम निधीस द्यावी’ हे एक वाक्य मृत्युपत्रात घातलं असतं, तर हा वनवास टळला असता.

आता ४० लाख कायम निधी म्हणून ठेवले तर काय होतं, ते बघू. ७ टक्के व्याजाने वर्षाला २ लाख ८० हजार. त्यातले १५ टक्के, म्हणजे ४२ हजार, विनाकटकट बाजूला ठेवता येतात. उरलेल्या २ लाख ३८ हजारांत प्रयोगशाळेची रसायनं, मुलींच्या स्वच्छतागृहाची दुरुस्ती आणि वीजबिलाचा काही भाग भागतो. अनुदानित शाळेत पगार सरकार देतं, पण खडूपासून फ्यूजपर्यंतच्या वेतनेतर खर्चाला मुख्याध्यापक दारोदार फिरतात. मात्र महागाई ६ टक्के धरली तर १२ वर्षांत या मुद्दलाची किंमत निम्मी होते, आणि ४२ हजारांनी ती गळती थांबत नाही. दरवर्षी नवी देणगी लागतेच.

मी राहतो त्या लंडनमधल्या हॅरोत जॉन लायन नावाच्या शेतकऱ्याने १५७२ साली सनद मिळवून शाळा काढली, आणि लंडनकडे जाणाऱ्या रस्त्यांच्या देखभालीसाठी वेगळी जमीन लावून दिली. पुढे रस्ते सरकारी झाले. उद्देशच संपला, तेव्हा १९९१ पासून ते उत्पन्न आसपासच्या बरोंमधल्या (लंडनच्या पालिका विभागांतल्या) मुलांकडे वळवलं गेलं. आपल्याकडेही उद्देश बदलायची सोय आहे, फक्त त्यासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागते. म्हणून मृत्युपत्रात पर्यायी उद्देश लिहून ठेवावा: ‘शाळा बंद पडल्यास तालुक्यातील मुलींच्या शिक्षणासाठी.’ (हॅरोच्या त्या शाळेची आजची फी लायनबुवांना परवडली नसती, आणि शेजारच्या प्रायमरीला उन्हाळी जत्रेत लॉटरीची तिकिटं विकून पुस्तकं घ्यावी लागतात, हे ग्रुपवर सांगायला मी सोयीस्कर विसरतो.)

यावर एकाने सुनावलं, साताऱ्यात भाऊरावांनी बोर्डिंग चालवलं ते असल्या कलमांवर नव्हे, लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडलं म्हणून. खरंय. पण १९१९ साली काले गावात सुरू झालेली रयत शिक्षण संस्था आज उभी आहे ती एका दागिन्यावर नाही. त्याग झाल्यावर कुणीतरी खतावणी लिहावीच लागते.

त्याच गड्याचा दुसरा टोला मात्र बसला: ‘तुम्ही किती दिले?’

शून्य. देता येत नाहीत. माझ्याकडे भारतीय पासपोर्ट असता तर माझी बचत ही साधी देणगी ठरली असती. पण मी आता परदेशी नागरिक, भारतीय वंशाच्या अशा लोकांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डावर तीच रक्कम, सांगलीतल्या खात्यातून रुपयांत दिली तरी, विदेशी योगदान होते. ते घ्यायला निधीकडे एफसीआरए, म्हणजे विदेशी योगदानाच्या कायद्याखालची, नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवी, आणि पैसे आधी दिल्लीत स्टेट बँकेच्या संसद मार्गावरच्या शाखेतच उतरले पाहिजेत. आमच्या निधीकडे यातलं काहीच नाही. मृत्युपत्राने ठेवलं तरी हाच नियम. कुणी सुचवतं, भावाला पाठवा, तो भरेल. ही पळवाट धरू नये. चौकशी झाली तर निस्तरावं लागतं निधीलाच.

सांगलीच्या आयर्विन पुलाखाली पाणी किती चढलं हे पहाटे उठून बघणारा मी, शाळेच्या लेखी ‘विदेशी स्रोत’ आहे. आणि दगडी कमानवाला गडी उद्या सकाळी कार्यालयात जाऊन ५०१ रुपयांची पावती फाडू शकतो.