कॅरलवाले येण्याआधी दिवे मालवणारी घरं

डिसेंबर लागला की आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, कॅरलची, म्हणजे घरोघर जाऊन नाताळची गाणी म्हणण्याची, यादी फिरायला लागते. कोणत्या रात्री कोणाकडे जायचं, टेम्पो कोणाचा, ढोलकी कोण वाजवणार. त्या यादीत काही घरं दरवर्षी नाव घालत नाहीत. "तेव्हा आम्ही गावाला असू," म्हणतात. पिंपरी-चिंचवडमध्ये मी बरीच वर्षं राहते. यातलं कोण खरंच गावाला जातं आणि कोण दिवे मालवून घरातच बसतं, हे मला माहीत आहे.

कारण सरळ आहे. रात्री अकरा वाजता तीस-चाळीस माणसं दारात आली की समोसा, केक, कॉफी द्यायचीच, असा रिवाज आपण पाडला आहे. एका घरी पॅटिस मिळालं की पुढच्या घराला त्यापेक्षा कमी देववत नाही. आणि ज्या घरात गॅसची टाकी कशी भरायची याची चिंता आहे, त्यांनी प्रभूच्या जन्माची गाणी आपल्या दारात ऐकायचीच नाहीत. मला हे बघवत नाही.

माझं माहेर नगरचं. 1831 साली तिथे अमेरिकन मराठी मिशन आलं आणि पुढे जिल्ह्याच्या गावोगावी ज्या मंडळ्या उभ्या राहिल्या, त्यातली बहुतेक माणसं गावकुसाबाहेरची, दुसऱ्याच्या रानात राबणारी होती. नाताळ त्यांनी हातात जे होतं त्यातून केला. म्हणून आपल्याकडे नाताळला शंकरपाळे, करंज्या, चकल्या होतात. फराळ तोच, फक्त दोन महिने उशिरा. आमच्या गल्लीत चार घरं मिळून तळण करायची. एकीचं तेल, दुसरीचा मैदा, तिसरीकडे मोठी कढई. शंकरपाळे आधी आणि करंज्या शेवटी, कारण एखादी करंजी फुटली की सारण तेलात पसरतं आणि पुढचं सगळं तळण काळं पडतं. सुकं खोबरं महाग असेल त्या वर्षी सारणात भाजलेले तीळ आणि शेंगदाण्याचा कूट जास्त, साखरेऐवजी गूळ. चवीत काही कमी व्हायचं नाही. उलट गुळाचे शंकरपाळे मला आजही जास्त आवडतात.

बांबूच्या कामट्या आणि पतंगाचा कागद आणून चांदणी घरीच व्हायची. कणकेची खळ शिजवायची, कागद ताणून चिकटवायचा, आत एक बल्ब. दारावर ती लागली की नाताळ आला. केकचंही तसंच. ओव्हन कोणाकडे होता? रवा दह्यात भिजवायचा, थोडी साखर कढईत जाळून तिचं पाणी घालायचं म्हणजे प्लमकेकसारखा तांबूस रंग येतो, वरून टूटीफ्रूटी, जी शेवटी कच्च्या पपईचीच असते. कुकरची शिट्टी आणि रबर काढून तळाला मीठ घालायचं, वर डबा ठेवायचा आणि मंद आचेवर पाऊण तास. करून बघा, आजही जमतो.

आणि गाणी तर आपल्याकडे आहेतच. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी नगरला राहून अभंग-ओव्यांत ख्रिस्त गायला. त्याला टाळ आणि ढोलकी पुरते. भाड्याचा साउंड सिस्टीमवाला कशाला हवा?

आता पैशाचं. कारखान्यात काम करणाऱ्या आपल्या लोकांची अडचण वेगळी आहे आणि ती कोणी बोलत नाही. बोनस मिळतो दिवाळीला. कायद्याने तो किमान 8.33 टक्के ठरवला आहे, पण तो हातात पडतो तो सगळ्या बाजाराची दिवाळी असते तेव्हा. शेजारच्या मुलांकडे फटाके आणि नवे कपडे आले की आपल्या मुलांनाही काहीतरी घ्यावंच लागतं. नाताळ येईपर्यंत बोनस संपलेला असतो. मग बिशी आधी उचलायची, नाहीतर बचत गटाचं कर्ज. त्याचे हप्ते पुढच्या जून महिन्यात, शाळेच्या वह्या-पुस्तकांच्या वेळेलाही चालूच असतात. माझं म्हणणं स्पष्ट आहे: नाताळसाठी कर्ज काढू नका. बोनस जमा होईल त्याच दिवशी त्यातला नाताळचा भाग वेगळ्या पाकिटात घाला, तो कितीही लहान असो, आणि त्या पाकिटात बसेल तेवढाच सण करा.

"वर्षातून एकदाच येतो, पोरांचं मन का मारायचं?" असं मला अनेक आया विचारतात. मारू नका. नवा ड्रेस घ्या, पण पुढे रोज वापरता येईल असा एकच घ्या. लायटिंग नसली तरी मुलाला चालतं. सगळ्यांबरोबर चर्चच्या नाताळ नाटिकेत मेंढपाळ व्हायला मिळालं नाही, तर ते मात्र त्याच्या मनात राहतं. त्या नाटिकेचा ड्रेस भाड्याने आणायचा म्हणून पैसे मागतात आणि एखादं लेकरू त्यामुळेच मागे राहतं. घरातली जुनी चादर आणि डोक्याला टॉवेल एवढ्यात मेंढपाळ होतो.

नाताळच्या उपदेशात मागी लोकांचं, म्हणजे बाळ येशूला भेटायला आलेल्या पूर्वेकडच्या ज्ञानी माणसांचं, सोनं, ऊद आणि गंधरस दरवर्षी येतात. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात दुसऱ्या अध्यायात चोविसावं वचन आहे, त्यावर मी फारसं ऐकलेलं नाही. योसेफ आणि मरीया बाळाला घेऊन मंदिरात गेले, तेव्हा त्यांनी होल्यांचा जोडा किंवा पारव्याची दोन पिलं अर्पण करायची होती. जुन्या करारातल्या लेवीय पुस्तकाचं 12:8 उघडून बघा. जिला कोकरू आणण्याची ऐपत नाही, तिच्यासाठी ती सूट आहे. म्हणजे प्रभूच्या आईनेसुद्धा गरिबाला परवडेल तेच दिलं, आणि नियमशास्त्राने ते पूर्ण अर्पण म्हणून घेतलं. कोणी तिला बाहेर उभं केलं नाही.

म्हणून साधेपणाचा उपदेश मी गरिबांना करणार नाही. ते साधेच राहतात. माझं मागणं ज्यांना परवडतं त्यांच्याकडे आहे. तुम्ही आधी कमी करा. मोठा बंगला असलेल्या घराने जर कॅरलवाल्यांना नुसता काळा चहा आणि गूळ-शेंगदाणे दिले, तर शेजारच्या दोन खोल्यांच्या घरालाही दार उघडायला धीर येईल. संडे स्कूलमध्ये मुलं एकमेकांना भेट देतात, तिथे पन्नास रुपयांची मर्यादा ठेवा किंवा हाताने केलेलीच वस्तू चालेल असं ठरवा. आणि तुमचे वाचलेले पैसे पाळकसाहेबांच्या, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंच्या, हातात द्या. कोणाच्या घरी किराणा पोचवायचा हे त्यांना माहीत असतं, आणि नाव पुकारल्याशिवाय तो पोचवता येतो.

येत्या रविवारी उपासनेनंतर तरुण संघाची बैठक आहे. तिथे मी हे मांडणार आहे: यंदा कॅरलमध्ये कोणत्याही घरी फक्त चहा घ्यायचा, आणि तोसुद्धा घरच्यांनी आग्रह केला तरच. यादी करताना हे प्रत्येक घराला आधीच सांगायचं, म्हणजे नाव घालायला कोणी कचरणार नाही. तुमच्या मंडळीत कॅरलची जबाबदारी तुमच्याकडे असेल, तर यादी फिरवायच्या आधी तुम्हीही हे ठरवून घ्या.